बोहारणीने नेलेला कोट

आमच्या वाशीच्या घरात स्टीलचे एक पातेले आहे. जाड बुडाचे, तीन लिटर दूध सहज मावेल एवढे. गेली चाळीस वर्षे ते रोज सकाळी गॅसवर चढते. १९८४ साली आम्ही परळची चाळ सोडून खाडीच्या या बाजूला सिडकोच्या घरात राहायला आलो, तेव्हा पहिल्याच दिवाळीच्या आवराआवरीत माझ्या आईने ते बोहारणीकडून घेतले. बदल्यात तीन जुन्या साड्या, वडिलांच्या दोन पँटी आणि एक जाडजूड खाकी लोकरीचा कोट गेला. कोटाला कसर लागली होती. बोहारीण आधी तो नकोच म्हणत होती. "ह्याला कोन घेनार, माय?" मग तिची नजर पितळी बटणांवर गेली आणि सौदा पटला. मी तेव्हा घरातच होतो. किंबहुना माळ्यावरच्या ट्रंकेतून तो कोट मीच काढून दिला होता.

कोट माझ्या आजोबांचा, तात्यांचा. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावातून पहिल्या महायुद्धात जी पोरे मराठा पलटणीत भरती झाली, त्यांत तात्या होते. ते 'मेसापोट'ला गेले. आजच्या इराकला आमच्या गावात अजूनही कुणी कुणी त्याच नावाने ओळखते. तात्या त्या लढाईबद्दल फार बोलत नसत. उन्हाळ्यात कोट उन्हात घालायचा आणि संध्याकाळी झटकून परत ट्रंकेत ठेवायचा, एवढेच काय ते त्यांचे युद्धाचे स्मारक. ते गेल्यावर ट्रंक गावाहून परळला आली आणि परळहून वाशीला. पुढचे सांगितलेच आहे.

हे सारे मी विसरून गेलो होतो. आठवण झाली ती गेल्या हिवाळ्यात, पॅरिसमध्ये.

मुलगा नोकरीनिमित्त तिथे असतो. नातू नऊ वर्षांचा. पॅरिसला गेलेला मराठी माणूस आयफेल टॉवर पाहतो, लूव्हमध्ये मोनालिसासमोरच्या गर्दीत पाय तुडवून घेतो आणि पाठदुखी घेऊन घरी येतो. मीही तेच केले. तिसऱ्या दिवशी नातू म्हणाला, "आबा, आता मी तुम्हाला माझं म्युझियम दाखवतो." त्याचे म्युझियम म्हणजे अँव्हालिदमधले लष्कराचे संग्रहालय.

चौदाव्या लुईने १६७० साली म्हाताऱ्या आणि जायबंदी सैनिकांसाठी ही प्रचंड वास्तू बांधायला घेतली. लढाईत पाय गेलेला शिपाई पॅरिसच्या रस्त्यावर भीक मागताना दिसू नये, हा त्यामागचा हिशेब. त्यात दया किती आणि राजाची अब्रू किती, हे ज्याने त्याने ठरवावे. पण साडेतीनशे वर्षांनंतर आजही त्या वास्तूच्या एका भागात जखमी, वृद्ध सैनिक राहतात आणि त्यांच्यावर उपचार होतात, हे मला संग्रहालयापेक्षाही मोठे वाटले. १४ जुलै १७८९ रोजी बास्तीयवर चाल करून जाण्याआधी पॅरिसच्या लोकांनी बंदुका लुटल्या त्या इथूनच. सोनेरी घुमटाखाली नेपोलियनची कबर आहे. तोफखान्याचे संग्रहालय आणि लष्करी इतिहासाचे संग्रहालय अशी दोन जुनी संग्रहालये एकत्र करून १९०५ साली सध्याचे संग्रहालय झाले.

नेपोलियनचा करडा ओव्हरकोट आणि काळी टोपी तिथे आहे. त्याचा 'विझीर' नावाचा घोडाही पेंढा भरून काचेआड उभा केला आहे. लोक तिथे फोटो काढत होते. नातवाने मला हाताला धरून पुढे ओढले. "हे नाही हो आबा, ते भोकवालं."

ते भोकवाले म्हणजे एक चिलखत. छाती-पाठीचे, पितळेने मढवलेले. उजव्या छातीवर एक गोल भोक, माझी मूठ आरपार जाईल एवढे. पाठीकडे गेलो तर तिथे पत्रा फाटून बाहेर आलेला. तोफेचा गोळा एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने निघून गेला होता. हे चिलखत कुणा सेनापतीचे नाही. फ्रांस्वा-अँत्वान फोव्हो नावाच्या, वयाची जेमतेम तेविशी गाठलेल्या एका साध्या घोडेस्वाराचे आहे. १८ जून १८१५ रोजी वॉटर्लूच्या मैदानात तो पडला. त्याच्या भरतीच्या कागदावर त्याच्या चेहऱ्याचे वर्णन आहे. चेहरा लांबट, त्यावर तांबूस ठिपके. दोनशे वर्षांनी वाशीचा एक म्हातारा ते वाचतो आणि त्या पोराचा चेहरा त्याच्या डोळ्यांसमोर उभा राहतो. सम्राटाच्या टोपीसमोर मला असे काही झाले नव्हते.

पुढच्या दालनांत कपडेच कपडे. झुपकेदार टोप्या, सोनेरी जरीचे हुसार जाकीट, उंच कॉलर, छातीवर बटणांच्या रांगा. आमच्याकडच्या नाटक कंपन्यांचे कपडेपट आठवावेत असा थाट. पण माझे पाय अडखळले ते एका लाल पँटीपाशी. १९१४ साली फ्रान्सचा पायदळ शिपाई निळा कोट आणि लालभडक पँट घालून मशीनगनसमोर गेला होता. इंग्रज आणि जर्मन सैन्यांनी आधीच मातकट रंग धरले होते. फ्रान्समध्येही बदलाच्या सूचना झाल्या होत्या, पण लाल रंग म्हणजे सैन्याचा मान, तो सोडायचा कसा, म्हणून त्या मागे पडल्या. २२ ऑगस्ट १९१४ या एका दिवसात सुमारे २७ हजार फ्रेंच सैनिक मारले गेले. सगळा दोष पँटीवर टाकणे बरोबर नाही. त्यात तोफा होत्या, डावपेच होते, हट्ट होता. तरी पुढच्या वर्षी ती लाल पँट गेली आणि फिकट आकाशी रंगाचा गणवेष आला, लोखंडी शिरस्त्राणही आले.

तो लाल रंग मंजिष्ठाचा. आपल्याकडच्या मंजिष्ठाची युरोपातली बहीण शोभेल अशी ती वनस्पती. दक्षिण फ्रान्समध्ये तिची शेती होती. जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी १८६८ साली तोच रंग प्रयोगशाळेत तयार केला आणि ती शेती बसली. पुढे फ्रेंच सैन्याच्या पँटीला लागणारा रंग जर्मनीहून येऊ लागला, म्हणजे ज्या शत्रूसमोर ती घालून जायची त्याच्याकडूनच! आणि ज्या खाकी रंगाने पुढे जगभरच्या सैनिकांना झाकले, तो भारतातला. 'खाक' म्हणजे धूळ. १८४०च्या दशकाच्या अखेरीस वायव्य सरहद्दीवरच्या एका पलटणीत तो आधी आला. (कपड्यांचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो, जगभरचे कामगार आणि खलाशी जी 'डंगरी' घालतात तिचे नाव आपल्या मुंबईच्या डोंगरीवरून पडले आहे. डोंगरीच्या लोकांना हे कुणीतरी कळवायला हवे.)

सप्टेंबर १९१४च्या अखेरीस हिंदी फौजा मार्सेय बंदरात उतरल्या त्या याच खाकीत. नव्-शापेल इथल्या स्मारकावर त्यांतल्या ४,७०० हून अधिक जणांची नावे कोरली आहेत, ज्यांना धड थडगेही मिळाले नाही अशांची. नातवाला हे सांगत होतो. तो ऐकत होता, आणि मग त्याने सहज विचारले, "मग तुमच्या आजोबांचा ड्रेस कुठल्या म्युझियममध्ये आहे?"

मी म्हणालो, "नाही रे, कुठे नाही." पातेल्याची गोष्ट मी त्याला सांगितली नाही.

परत आल्यावर मनात एक विचार घोळत राहिला. फ्रेंच गणवेष हा आपल्याला काही परका विषय नाही. 'ध' चा 'मा' ही गोष्ट आपण लहानपणी सगळ्यांनी ऐकली. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांना मारणारे ते गारदी. हे 'गारदी' आले कुठून? युरोपीय पद्धतीची कवायत शिकलेले, ओळीने उभे राहून एका हुकुमावर बंदूक झाडणारे पायदळ म्हणजे गारदी, आणि फ्रेंच 'गार्द'शी या शब्दाचे नाते सांगतात. दक्षिणेत फ्रेंच सेनापती बुसीच्या हाताखाली तयार झालेला इब्राहिमखान गारदी सदाशिवरावभाऊंकडे आला, उदगीरला निजामाविरुद्ध लढला आणि १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर शेवटपर्यंत उभा राहिला. एकच शब्द, त्यात पानिपतची निष्ठाही आहे आणि शनिवारवाड्यातला खूनही.

मग महादजी शिंदे. त्यांनी १७८४ साली डी बॉईन नावाच्या परदेशी माणसाला दोन पलटणी उभ्या करायला सांगितल्या. हा डी बॉईन काटेकोर बोलायचे तर फ्रेंच नव्हे, सावॉयचा. त्याचे गाव शांबेरी, आज फ्रान्समध्ये. बाप कातड्याचा व्यापारी. फ्रेंच सैन्यातल्या आयरिश रेजिमेंटमध्ये नोकरी केली, रशियनांकडून तुर्कांशी लढताना कैद झाला, सुटला, फिरत फिरत मद्रासला पोहोचला आणि तिथून उत्तरेत. त्याने दोन पलटणींच्या तीन ब्रिगेडी केल्या. आपण त्यांना 'कंपू' म्हणायचो. आज हा शब्द आपण साहित्य संमेलनातल्या मंडळींसाठी वापरतो. पाटण आणि मेडता या १७९०च्या लढाया त्यांनी जिंकल्या. त्या पलटणींवर सावॉयचा पांढरा क्रूस असलेला झेंडा फडकत असे, आणि त्याखाली उभे राहणारे शिपाई हिंदुस्थानचे, पगार शिंद्यांचा! १७९३ साली लाखेरीला हेच कंपू होळकरांच्या फौजेशी भिडले. होळकरांच्या पलटणींना शिकवणाराही फ्रेंचच, द्युद्रेनेक. मराठ्यांनी मराठ्यांना मारायचे आणि कवायत दोन्हीकडे एकाच देशाची, ही त्या काळाची तऱ्हा.

डी बॉईन गडगंज होऊन मायदेशी परतला आणि १८३० साली शांबेरीत वारला. गावासाठी त्याने पुष्कळ पैसा ठेवला. गावाने १८३८ साली त्याच्या स्मरणार्थ कारंजे उभारले. त्याला चार हत्ती आहेत, चौघांचाही फक्त पुढचा भाग. मागच्या भागाचा पत्ता नाही, यावरून गावकरी अजून चेष्टा करतात. म्हणजे शिंद्यांच्या तिजोरीतून गेलेल्या पैशाची आठवण आल्प्सच्या पायथ्याशी हत्तींच्या रूपाने उभी आहे. आपल्याकडे पुण्यात वानवडीला महादजींची छत्री आहे, सुंदर आहे, जरूर पाहावी. पण त्या पलटणींतल्या शिपायांचे काय?

इथे मला पुन्हा फोव्होचे चिलखत आठवते. वॉटर्लूला ज्या सैन्याच्या तोफेने तो पडला, त्या सैन्याचा सेनापती वेलिंग्टन. त्याच्या बारा वर्षे आधी, २३ सप्टेंबर १८०३ रोजी, हाच माणूस आर्थर वेलस्ली या नावाने आजच्या जालना जिल्ह्यातल्या असई गावाजवळ शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांच्या फौजेसमोर उभा होता. उत्तरेतला शिंद्यांचा सरसेनापती पेरॉन त्याच महिन्यात इंग्रजांच्या आश्रयाला गेला. इंग्रजांच्या जाहीरनाम्यानंतर बरेच युरोपीय अधिकारीही नोकरी सोडून निघून गेले. ज्यांना कुठे जायचे नव्हते ते उभे राहिले. शिंद्यांचे कवायती पायदळ आणि गोलंदाज असे लढले की वेलस्लीच्या छोट्याशा फौजेतले दीड हजारांहून अधिक लोक मेले किंवा जखमी झाले. युरोपात सगळ्या लढाया जिंकून झाल्यावर, म्हातारपणी, वेलिंग्टनने रणांगणावरची आपली सर्वांत मोठी कामगिरी म्हणून नाव घेतले ते असईचे, वॉटर्लूचे नव्हे.

म्हणजे सेनापती एकच, आणि त्याच्या तोफांसमोर मेलेले दोन शिपाई. एक फ्रेंच, त्याचे नाव, वय, चेहऱ्यावरचे ठिपके मला ठाऊक आहेत. दुसरा आपला. त्याचे एक बटण, एक जोडा, एक कमरपट्टा मी कुठे पाहिलेला नाही, नाव तर सोडाच. मी काही संशोधक नाही. कुठल्या तरी घराच्या कोनाड्यात, कुठल्या संस्थानिकाच्या कोठीत असेलही. पण रविवारी बायकामुलांना घेऊन जाऊन दाखवावे अशा जागी मला ते भेटले नाही.

आपल्याला जुन्या शस्त्रांचे प्रेम नाही असे कोण म्हणेल? २०२४च्या जुलैत लंडनच्या संग्रहालयातली वाघनखे काही काळासाठी साताऱ्यात आली, तेव्हा लोकांनी केलेली गर्दी मी पाहिली आहे. २०२५ साली राज्य सरकारने रघुजी भोसल्यांची तलवार लंडनच्या लिलावात विकत घेऊन मुंबईला आणली. तिचे पातेही युरोपात घडलेले. फिरंगी पात्याला आपल्या सरदारांत मान होताच. त्याच वर्षी युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले. त्यांतला तामिळनाडूतला जिंजी, राजाराम महाराजांचा जिंजी, पुढे १७५० ते १७६१ फ्रेंचांच्या ताब्यात होता, तोही बुसीने घेतलेला. या सगळ्याचा मला अभिमान आहे. पण तलवारीला मूठ असते, मुठीवर हात असतो, आणि हात कुठल्या तरी बाहीतून आलेला असतो. ती बाही आपण कुठेच ठेवली नाही.

याला कारणे आहेत. लोखंड टिकते, कापड टिकत नाही. त्यात आपला कोकणी पावसाळा. वाशीत जुलै महिन्यात कपाटातला चामडी पट्टा चार दिवसांत पांढरा होतो. जुन्या कापडाला उजेडही सोसत नाही. संग्रहालये अशा दालनांत पन्नास लक्सच्या आसपासच प्रकाश ठेवतात, म्हणूनच पॅरिसच्या त्या दालनांतून मी चष्मा पुसत फिरलो. कसर, बुरशी, दमटपणा यांच्याशी झगडायला पैसा लागतो आणि शिकलेली माणसे लागतात. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जतनाचे काम करणारी प्रयोगशाळा आहे. जिल्ह्याजिल्ह्यात ती कुठून येणार, हा प्रश्न रास्त आहे.

पण खरे कारण पैसा नव्हे. साध्या माणसाची वस्तू ठेवण्याजोगी असते, हेच आपल्याला पटत नाही. तसे पटलेला एक माणूस पुण्यात होऊन गेला. दिनकर केळकरांनी मुलाच्या, राजाच्या, अकाली मृत्यूनंतर त्याच्या नावाने जे जमवले ते काय होते? दिवे, अडकित्ते, दौती, वाड्यांचे दरवाजे, फण्या, लामणदिवे. लोक त्यांना भंगारवाला म्हणत असतील तर नवल नाही. १९६२ साली त्यांनी तो सारा संग्रह सरकारला देऊन टाकला. आज तो पाहायला परदेशातून माणसे येतात. अडकित्त्यासाठी जे झाले ते शिपायाच्या कोटासाठी का होऊ नये? अहिल्यानगरला १९९४ साली रणगाड्यांचे संग्रहालय झाले. शाळांच्या सहली तिथे जातात, पोरे रणगाड्याच्या नळीला हात लावून येतात. रणगाडा आहे, त्याच्या आत बसणाऱ्याचा घामाचा सदरा बाजूला हवा.

यावर माझ्या मुलाचा आक्षेप होता, आणि तो मला खोडून काढता आला नाही. तो म्हणाला, "बाबा, तात्या काही स्वराज्यासाठी लढले नाहीत. इंग्रजांसाठी, इराकच्या लोकांच्या जमिनीत जाऊन लढले. त्यांचा कोट काचेत ठेवून नक्की काय मिरवणार?" बरोबर आहे. अँव्हालिदच्या दालनांतही विजयांचा डंका मोठा, आणि ज्यांच्या गावांत जाऊन विजय मिळवले त्यांचा आवाज मला तरी बारीकच वाटला. पण तात्या का गेले? दुष्काळात घरात दाणा नव्हता आणि पलटणीत पगार होता म्हणून. आमच्या भागात अपशिंगे हे गाव तर 'अपशिंगे मिलिटरी' म्हणूनच ओळखले जाते. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण गेले. तो कोट मिरवण्यासाठी नकोच आहे. तो समोर असता तर नातवाने हाच प्रश्न विचारला असता, कुणासाठी लढले म्हणून, आणि मला उत्तर द्यावे लागले असते. कोट नाही, त्यामुळे प्रश्नही नाही.

फार काही अवघड मागणे नाही. गावोगावी संगमरवरी पाट्या आहेत, १९१४ ते १९१९च्या युद्धात या गावातून इतके गेले, इतके परत आले नाहीत अशा. कुठे चावडीत, कुठे शाळेच्या भिंतीत, कुठे रंगाखाली बुजलेल्या. त्या पाटीपाशी एखादे कपाट, आणि गावातल्या माणसांनी आणून दिलेल्या वस्तू. जिल्ह्याच्या संग्रहालयाने वर्षातून एकदा येऊन त्या तपासाव्यात, नोंदवाव्यात. आणि घराघरांतून एवढे व्हावे की वस्तू बोहारणीला देण्याआधी ती कुणाची, कधीची, हे कुणीतरी कागदावर लिहावे.

आमच्या सोसायटीत एक निवृत्त सुभेदार आहेत. मराठा लाइट इन्फंट्रीतले, १९७१च्या लढाईत त्यांची पलटण जमालपूरला होती. पॅरिसहून परतल्यावर एका रविवारी मी त्यांच्याकडे गेलो. चहा झाल्यावर वहिनींनी पलंगाखालून पेटी ओढली. आत डांबराच्या गोळ्या, जुने वर्तमानपत्र आणि खाली घडी घातलेला हिरवा शर्ट. खांद्याशी रफू केलेले.

"हे आमच्या हिनं केलंय," सुभेदारसाहेब म्हणाले. "पोरगं म्हणतंय, जागा अडते. आता कुणाला द्यायचं हो, तुम्हीच सांगा."

मला सांगता येईना. मी त्यांच्याकडून एक कोरा कागद मागून घेतला. पूर्ण नाव, सैन्यातला नंबर, गाव, तालुका, पलटण, साल. रफू कुणी आणि कधी केले तेही. सुभेदारसाहेब सांगत गेले, मी लिहीत गेलो. वहिनींनी मधूनच सुधारणा केली, रफू १९७२चे नाही, १९७३चे, थोरला पोटात होता तेव्हाचे. कागदाची घडी करून आम्ही ती शर्टाच्या डाव्या खिशात ठेवली. बटण लावायला गेलो तर ते सैल झालेले. वहिनी सुई-दोरा आणायला आत गेल्या.